एका रात्रीत गेलेलं काम आणि तीन तऱ्हांची बेकारी : लास वेगास, 2020

अमेरिकेच्या सहलीला गेलेला मराठी माणूस ग्रँड कॅन्यनच्या आधी किंवा नंतर लास वेगासला एक-दोन रात्री मुक्काम करतोच. दिवे बघून, पाय दुखेपर्यंत भटकून खोलीवर परत यावं तर चादर ताणून बसवलेली, न्हाणीघरात कोरडे टॉवेल, कचऱ्याचा डबा रिकामा. हे सगळं करून गेलेली बाई बहुधा दिसत नाही. हॉटेलच्या कागदांवर ती ‘गेस्ट रूम अटेंडंट’ असते, मेक्सिकन स्पॅनिशमध्ये ‘कामारिस्ता’. दिवसाला डझनाच्या वर खोल्या, प्रत्येक खोलीत जड गाद्या उचलणं आणि टब घासणं. ती बऱ्याचदा मेक्सिको, एल साल्वादोर, ग्वातेमाला किंवा निकाराग्वाहून आलेली असते, नाहीतर तिथून आलेल्यांची लेक असते.

2020 साली तिचं काम गेलं तेव्हा काय काय झालं, ते इथे सविस्तर मांडतो आहे. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक-लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेत किंवा स्पॅनिश भाषक देशांत मुळं असलेल्या, कामगारांच्या बेकारीबद्दल लिहिताना देशभराची सरासरी सांगून मोकळं होता येतं. पण सरासरीत जे दडून राहतं, ते एका शहरात नीट दिसतं.

लास वेगास नेवाडा राज्यात आहे. कोविडच्या साथीमुळे 17 मार्च 2020 रोजी नेवाडाचे गव्हर्नर स्टीव्ह सिसोलॅक यांनी कॅसिनो बंद करण्याचा आदेश दिला. त्याच मध्यरात्री जुगाराची यंत्रं थांबली. आधी ही बंदी महिनाभराची होती, प्रत्यक्षात कॅसिनो उघडायला 4 जून उजाडला. नेवाडातल्या साधारण चार नोकऱ्यांमागे एक नोकरी हॉटेलं, खानावळी आणि करमणुकीच्या धंद्यातली. त्यामुळे बंदीचा घाव एका धंद्यावर न पडता अख्ख्या गावावर पडला. आदल्या आठवड्यात राज्यात बेकारी भत्त्यासाठी सहा हजारांच्या आसपास नवे अर्ज आले होते. 21 मार्चला संपलेल्या आठवड्यात 92 हजारांवर आले. फेब्रुवारीत राज्याची बेकारी चार टक्क्यांच्याही खाली होती. एप्रिलमध्ये पहिला आकडा जाहीर झाला तो 28 टक्क्यांच्या वरचा, आणि नंतरच्या दुरुस्तीत तो 30 च्या आसपास गेला. राज्यवार नोंदी 1976 पासून ठेवल्या जातात, त्यात कुठल्याही राज्यात एवढा आकडा कधी आला नव्हता. खुद्द लास वेगास परिसरात काम करणाऱ्या किंवा काम मागणाऱ्या दर तिघांतला एक जण बेकार होता.

त्याच एप्रिलमध्ये देशभराची बेकारी 14.7 टक्के होती. गोऱ्यांची 14.2, आशियाईंची 14.5, कृष्णवर्णीयांची 16.7, आणि हिस्पॅनिकांची 18.9. हिस्पॅनिक स्त्रियांची तर 20 टक्क्यांच्या पुढे. हिस्पॅनिकांची वेगळी नोंद 1973 पासून होते, त्यातला हा सर्वांत वाईट महिना. जेमतेम सात महिने आधी, सप्टेंबर 2019 मध्ये, याच लोकांची बेकारी 3.9 टक्के होती आणि तो तोवरचा नीचांक म्हणून मिरवला गेला होता. सरकारी मोजणीत ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो’ हा वंश धरत नाहीत. माणूस गोरा, काळा, मूळनिवासी कुणीही असू शकतो, म्हणून हे आकडे एकमेकांत थोडे मिसळलेले असतात. तरी चित्र बदलत नाही.

3.9 वरून 18.9. एवढ्या झपाट्याने वर जाणारा आकडा पाहिला की पहिला प्रश्न कौशल्याचा निघतो : शिक्षण कमी, इंग्रजी कच्चं. मला हे उत्तर पटत नाही. मार्चमध्ये ज्या बाईला खोली आवरता येत होती, तिला एप्रिलमध्येही येतच होती. फरक पडला तो ती कुठल्या धंद्यात उभी होती याने. एप्रिल 2020 या एका महिन्यात देशात सुमारे 2 कोटी 5 लाख नोकऱ्या गेल्या, त्यांतल्या 77 लाख हॉटेल-खानावळ-करमणूक या एकाच क्षेत्रातल्या. शिवाय घरून काम करण्याची सोय महामारीच्या आधीच्या पाहणीत जवळपास 30 टक्के गोऱ्या कामगारांना होती, हिस्पॅनिक कामगारांना मात्र 16 टक्क्यांच्या आसपास. चादर काही लॅपटॉपवरून बदलता येत नाही.

या गावाला हे नवीनही नव्हतं. 2008 च्या आधी लास वेगासमध्ये घरं उभी राहत होती ती वाळवंटात वारुळं फुटावीत तशी, आणि भिंती, छपरं, फरशा हे काम मोठ्या प्रमाणात लॅटिनो पुरुषांच्या हातात होतं. 2006 मध्ये नेवाडात बांधकामाच्या नोकऱ्या दीड लाखाच्या जवळ पोचल्या होत्या. घरांचा फुगा फुटला आणि 2011-12 पर्यंत त्या 50 हजारांच्या आसपास उरल्या. राज्याची बेकारी 2010 मध्ये 14 टक्क्यांच्या जवळ गेली, देशातल्या हिस्पॅनिकांची 13 ला टेकली. तेव्हा पूर्व लास वेगासमधली कितीतरी घरं तगली ती हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायकोच्या पगारावर. पहिल्या मंदीत घरातल्या पुरुषाचं काम गेलं, दुसऱ्या वेळी बाईचं. एकाच घरावर बारा वर्षांत दोनदा आलेली पाळी मला आकड्यांपेक्षा जास्त बोलकी वाटते.

आता तीन बायांची कल्पना करू. त्या खऱ्या व्यक्ती नाहीत, पण प्रत्येकीच्या बाबतीत जे लिहितो आहे ते नियम आणि तारखा खऱ्या आहेत. तिघी पूर्व लास वेगासमधल्या एकाच इमारतीत भाड्याने राहतात. तिघींचं काम एकच, सफाईचं, आणि तिघींचं काम एकाच आठवड्यात गेलं.

पहिली स्ट्रिपवरच्या, म्हणजे कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या, मोठ्या हॉटेलात आहे आणि युनियनची सभासद आहे. ही युनियन म्हणजे क्युलिनरी वर्कर्स युनियन, लोकल 226. ती 1935 साली स्थापन झाली. 2020 मध्ये तिचे सुमारे 60 हजार सभासद होते, त्यांतले निम्म्याहून अधिक लॅटिनो. त्या वेळच्या तिच्या प्रमुख जिओकोंडा अर्ग्वेयो-क्लाइन निकाराग्वात जन्मलेल्या आणि स्वतः हॉटेलात खोल्या आवरलेल्या. टाळेबंदीत आपल्या सभासदांपैकी 98 टक्क्यांचं काम थांबलं, असं युनियनने सांगितलं.

युनियनमुळे पहिल्या बाईची नोकरी वाचली नाही. पण नोकरी जाण्याचा अर्थ बदलला. तिला रीतसर पगारपत्रक होतं, त्यामुळे भत्त्याचा अर्ज सरळ होता. कुटुंबाचा आरोग्य विमा करारातल्या निधीतून चालायचा आणि तो पहिल्याच दिवशी तुटला नाही. युनियनशी जोडलेल्या प्रशिक्षण संस्थेने शिधावाटप चालवलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हॉटेल उघडलं की जुन्या माणसाला सेवाज्येष्ठतेनुसार परत बोलवायचं, हे कागदावर होतं. नेवाडा हे ‘राइट टू वर्क’ राज्य आहे, तिथे युनियनची वर्गणी कुणावर सक्तीने लादता येत नाही. तरीही माणसं वर्गणी भरतात, कारण ही कलमं कशी मिळाली ते त्यांना ठाऊक आहे. 1991 ते 1998 अशी सहा वर्षं फ्राँटियर हॉटेलासमोर साडेपाचशेच्या आसपास कामगारांनी संप केला, आणि त्यांतला एकही जण संप मोडून कामावर गेला नाही. गिरणी संपाची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना सहा वर्षं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. फ्राँटियरचे कामगार मात्र नवा मालक आल्यावर करार हातात घेऊन आत परतले.

दुसरीकडे कागदपत्रं आहेत, ग्रीन कार्ड आहे, पण नोकरी म्हणावी अशी नाही. पर्यटकांना भाड्याने दिलेले फ्लॅट ती आवरते, एक मध्यस्थ तिला खोलीमागे पैसे देतो आणि वर्षअखेर ‘1099’ नावाचा कागद हातात ठेवतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती स्वतंत्र व्यावसायिक. अशांना नेहमीचा बेकारी भत्ता मिळत नाही. 27 मार्चला झालेल्या केअर्स या केंद्राच्या कोविड-मदत कायद्याने त्यांच्यासाठी तात्पुरती वेगळी योजना काढली खरी, पण नेवाडात तिचे अर्ज घ्यायला 16 मे उजाडला. काम जाऊन दोन महिने झाले होते, आणि भाडं दर महिन्याच्या एक तारखेला येतंच. त्यात या योजनेवर खोट्या अर्जांच्या टोळधाडी पडल्या. राज्याने ओळख तपासणी कडक केली आणि खरे अर्जदारही तिच्यात अडकले. फोन लागत नव्हता, लागला तर कापला जायचा. बेकारी विभागाचे प्रमुख काही महिन्यांत एकापाठोपाठ बदलले. ऑगस्टमध्ये साचलेले अर्ज निपटायला विधानसभेच्या माजी सभापती बार्बरा बकली यांना नेमावं लागलं.

इथे विभागातल्या कारकुनांना दोष देणं सोपं आहे, मला ते अन्यायाचं वाटतं. बेकारी कार्यालयांना केंद्राकडून पैसा मिळतो तो कामाच्या बोजाच्या हिशेबाने. बेकारी कमी असली की पैसा कमी, माणसं कमी. म्हणजे वादळ येतं तेव्हा होडीत सर्वांत कमी वल्हेकरी असतात. आधीच्या आठवड्याच्या पंधरापट अर्ज ज्या आठवड्यात आले, त्या आठवड्यात कुणीही बुडालं असतं.

तिसरीकडे कागदपत्रं नाहीत. नेवाडातल्या कामगारांपैकी साधारण दहांतला एक जण अशा स्थितीत आहे, अमेरिकेतल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी हे एक. ती कंत्राटदाराकडे रात्रपाळीला कार्यालयं झाडते. तिच्या नावावर मालक बेकारी विम्याचा कर भरतो, पण काम गेल्यावर तिला त्यातला एक डॉलर मागता येत नाही. ती आयटिन क्रमांकावर (सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना कर भरण्यासाठी मिळतो तो) आयकर भरते, तरी केअर्स कायद्यातले 1,200 डॉलर तिला मिळाले नाहीत. त्याहून कठोर नियम पुढे होता. नवरा-बायकोने एकत्र विवरणपत्र भरलं असेल आणि दोघांपैकी एकाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल, तर अमेरिकन नागरिक असलेल्या जोडीदाराचेही पैसे गेले, आणि मुलांमागचे 500 डॉलरही. जोडीदाराचे पैसे बुडवणारा हा नियम डिसेंबर 2020 च्या कायद्याने दुरुस्त केला. दोन्ही पालक आयटिनवर असलेल्या नागरिक मुलांना वाटा मिळायला मार्च 2021 यावा लागला. भुकेच्या दिवसांत एक वर्ष म्हणजे फार मोठा काळ.

मदत होती तिथेही ती घ्यायला माणसं धजत नव्हती. सरकारी मदत घेतलेल्याला ग्रीन कार्ड नाकारता येईल, असा ‘पब्लिक चार्ज’ नियम 24 फेब्रुवारी 2020 ला लागू झाला होता, म्हणजे बंदीच्या फक्त तीन आठवडे आधी. बेकारी भत्ता त्या नियमात मोजला जातच नव्हता, पण भीती कलमं वाचून थांबत नाही. अन्नवाटपाच्या रांगेत नाव लिहून देण्यापेक्षा शेजारणीकडून उसनं आणणं बरं, असं वाटणारी घरं होती.

काही राज्यांनी वेगळा रस्ता काढला. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2020 मध्येच कागदपत्रं नसलेल्यांसाठी साडेसात कोटी डॉलर बाजूला काढले आणि माणशी 500 डॉलर दिले. न्यूयॉर्कने 2021 मध्ये वगळलेल्या कामगारांसाठी 2.1 अब्ज डॉलरचा निधी उभा केला. नेवाडा त्या वाटेने गेलं नाही.

जूनमध्ये दिवे लागले तेव्हा गोष्ट संपली असं बाहेरच्यांना वाटलं. पहिल्या बाईची खरी कसरत तेव्हा सुरू झाली. लास वेगासची हॉटेलं आठवड्याच्या मधल्या दिवसांत भरतात ती व्यावसायिक अधिवेशनांमुळे आणि प्रदर्शनांमुळे, आणि ती बंदच होती. पाहुणे शुक्रवारी येत आणि रविवारी जात. शरद ऋतूत काही मोठ्या हॉटेलांनी आठवड्याचे मधले दिवस चक्क दारं लावून घेतली. म्हणजे नोकरी परत मिळाली, पण दोन-तीन दिवसांची. ‘स्टेडी एक्स्ट्रा’ म्हणून ज्या बायांना गरजेनुसार बोलावतात, त्यांचा फोन वाजेचना.

आणि भत्त्याचा हिशेब असा होता की एक पाळी जास्त केली तर घरात पैसे कमी यायचे. उदाहरण म्हणून धरू की बाईचा मजुरीचा दर ताशी 18 डॉलर आहे आणि राज्याचा आठवडी भत्ता 400. (राज्याचा कमाल भत्ता 469 होता.) नेवाडात कमाईच्या 75 टक्के रक्कम भत्त्यातून कापतात, आणि कमाई भत्त्याएवढी झाली की भत्ता शून्य. त्यावर जुलैअखेरपर्यंत केंद्राचे आठवड्याला 600 डॉलर होते, पण राज्याच्या भत्त्यातला निदान एक डॉलर मिळत असेल तरच. दोन पाळ्या केल्या तर मजुरी 288, भत्त्यातले उरलेले 184, केंद्राचे 600, एकूण 1,072 डॉलर. तीन पाळ्या केल्या तर मजुरी 432, बाकी सगळं शून्य. बोलावल्यावर नाही म्हटलं तर कामाला नकार दिला म्हणून भत्ता बंद. ‘लोकांना भत्ता मिळतो म्हणून काम नको’ असं त्या उन्हाळ्यात बरंच बोललं गेलं. पाळ्या किती लावायच्या हे बाईच्या हातात नव्हतंच, पर्यवेक्षकाच्या तक्त्यात होतं.

ऑगस्टअखेर एमजीएम रिझॉर्ट्स या हॉटेल-कॅसिनो कंपनीने देशभरातल्या आपल्या 18 हजार कामगारांना तात्पुरत्या रजेवरून कायमच्या कपातीत टाकलं. एप्रिलमध्ये 2 कोटी 31 लाख बेकारांपैकी 1 कोटी 81 लाख ‘तात्पुरते’ होते, म्हणजे लवकरच परत बोलावलं जाण्याची आशा असलेले. ती आशा ज्यांची संपली, त्यांच्या दृष्टीने खरी बेकारी त्या ऑगस्टात सुरू झाली. घर टिकवण्याचाही प्रश्न होताच. बेदखलीवर स्थगिती होती, पण तुकड्यातुकड्यांनी वाढवलेली. शिवाय नेवाडातल्या झटपट बेदखलीच्या पद्धतीत नोटीस लागल्यावर कोर्टात पहिला कागद भाडेकरूनेच दाखल करायचा असतो. इंग्रजी नोटीस दाराला चिकटवलेली, तिचा अर्थ समजायला शाळेतल्या मुलाला हाक मारायची, आणि मोजक्या दिवसांची मुदत चाललेली.

मुलं घरातच होती. लास वेगास ज्यात येतं त्या क्लार्क काउंटीच्या शाळा, सुमारे सव्वातीन लाख मुलांचा जिल्हा, मार्च 2020 मध्ये बंद झाल्या आणि वर्गात परतायला पुढचं वर्ष उजाडलं. इथे बेकारी मोजण्याच्या व्याख्येकडे बघायला हवं. गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं असेल, किंवा तात्पुरती कपात झालेली असेल, तरच माणूस बेकार. मुलाच्या ऑनलाइन वर्गाशेजारी बसलेली आई काम शोधत नसते, म्हणून ती बेकार नसते. ती मोजणीतूनच गळते आणि दर सुधारतो. फेब्रुवारी ते एप्रिल 2020 मध्ये कामावर असलेल्या लॅटिना स्त्रियांची संख्या पाचव्या हिश्शाने घटली होती, कुठल्याही मोठ्या गटापेक्षा जास्त. दर खाली येताना त्यातल्या कितीजणी कामावर परतल्या आणि कितीजणी नुसत्या मोजायच्या राहिल्या, हे एका आकड्यात कळत नाही. उलट बाजूनेही घोटाळा झाला होता. एप्रिलच्या पाहणीत अनेक बेकारांची नोंद ‘कामावर आहेत, पण गैरहजर’ अशी झाली, आणि ते नीट मोजले असते तर देशाचा दर जवळपास पाच अंकांनी जास्त आला असता, हे खुद्द सरकारी सांख्यिकी कार्यालयाने लिहिलं.

युनियनने पुढची लढाई विधानसभेत नेली. कपात झालेल्या पाहुणचार क्षेत्रातल्या कामगारांना त्यांची जागा आधी देऊ करावी लागेल, असा कायदा जून 2021 मध्ये सिसोलॅक यांच्या सहीने झाला. युनियनच्या करारात नसलेल्या मोठ्या हॉटेलांतल्या कामगारांनाही त्याचा आधार मिळाला. या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते, कारण साठ हजारांनी मिळवलेलं कलम थोडंफार त्यांच्या भिंतीबाहेर गेलं. दुसरी बाई मात्र त्यातही बसत नव्हती. फ्लॅटच्या मालकाची ती कर्मचारीच नव्हती.

दर उतरत गेला. 2022 च्या शरदात देशातली हिस्पॅनिक बेकारी पुन्हा चार टक्क्यांच्या आसपास आली. पण काम होतं तसं परत आलं नाही. ‘पर्यावरणासाठी’ किंवा ‘तुमच्या सुरक्षेसाठी’ रोजची सफाई बंद, अशी पाटी अनेक हॉटेलांत लागली. पाहुण्याला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. पण रोज न आवरलेली खोली पाहुणा गेल्यावर दुप्पट घाण असते, आणि आवरायला माणसं मात्र कमी लागतात. पाळ्या तिथे जातात. 2020 च्या ऑगस्टमध्ये नेवाडाने रोजच्या सफाईची सक्ती करणारा कायदा केला होता, तो 2023 मध्ये मागे घेतला गेला. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, संपाची मुदत तोंडावर असताना, युनियनने सीझर्स, एमजीएम आणि विन या तीन कंपन्यांकडून पाच वर्षांचे करार मिळवले. सुमारे 40 हजार कामगारांसाठी पाच वर्षांत मिळून 32 टक्के वाढ, आणि रोजच्या सफाईचं कलम करारातच.

जून 2025 मध्ये लास वेगासला आलेल्या पाहुण्यांची संख्या आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा 11 टक्क्यांनी घटली. पहिल्या बाईच्या करारात परत बोलावण्याचं आणि रोजच्या सफाईचं कलम आहे. दुसरीला 2020 साली तारून नेणारी तात्पुरती योजना सप्टेंबर 2021 मध्ये संपली, तिच्या जागी नवी आली नाही. तिसरीच्या पगारामागे मालक अजूनही बेकारी विम्याचा कर भरतो आहे.